अवकाशासाठी पुनर्भारणक्षम सोडियम विद्युतघट आणि सातारा-सांगलीचा ऊसपट्टा

प्रस्तावना

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ मोहिमेतील ‘विक्रम’ हा अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरला. त्यानंतरचे दहा-बारा दिवस ‘विक्रम’ आणि ‘प्रज्ञान’ ही बग्गी यांनी सौरऊर्जेवर आपली नेमून दिलेली कामे पूर्ण केली. २ सप्टेंबरला बग्गी आणि ४ सप्टेंबरला अवतरक निद्रावस्थेत ठेवण्यात आला. बग्गी निद्रावस्थेत ठेवताना तिची बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि पुढचा सूर्योदय २२ सप्टेंबरच्या सुमारास अपेक्षित होता. सूर्य उगवला, परंतु यानाकडून संदेश आला नाही. या मोहिमेचे नियोजित आयुष्य एका चांद्रदिवसाचे, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे चौदा दिवसांचेच होते. त्यामुळे यात अपयश मानण्याचे कारण नाही. मात्र या प्रसंगाने एक जुना प्रश्न सर्वांसमोर नव्याने मांडला. सूर्य नसताना आणि तापमान शून्याखाली दीडशे अंशांपलीकडे गेलेले असताना यंत्राने जिवंत राहावे कशाच्या आधारावर?

या प्रश्नाच्या उत्तरातील एक भाग विद्युतघटांचा आहे. आज अवकाशयानांत प्रामुख्याने लिथियम-आयन घट वापरले जातात. त्यांच्या जोडीला सोडियमवर आधारलेले पुनर्भारणक्षम घट वापरता येतील काय, याचा विचार जगात अनेक ठिकाणी चालू आहे. प्रस्तुत लेखात या घटांचे कार्य, त्यांचा अवकाशातील पूर्वेतिहास, त्यांच्या मर्यादा आणि चांद्ररात्रीच्या संदर्भातील त्यांची उपयुक्तता यांचा परामर्श घेतला आहे. सोडियम-आयन घटाला लागणारा एक महत्त्वाचा पदार्थ साखरेपासून आणि उसाच्या चिपाडापासून बनतो. त्यामुळे सातारा आणि सांगली या दोन ऊसउत्पादक जिल्ह्यांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व कोणते, हेही येथे तपासले आहे.

अवकाशातील बॅटरीचे काम

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेल्या पहिल्या कृत्रिम उपग्रहात, स्पुटनिकमध्ये, चांदी-जस्ताचे घट होते. ते संपताच सुमारे तीन आठवड्यांनी त्याचे संदेश थांबले. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर सौरघट बसवले गेले आणि उपग्रहाचे आयुष्य वाढले. तथापि सौरघट फक्त उजेडात काम करतात. पृथ्वीजवळच्या कक्षेतील उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो व त्यातील साधारण ३५ मिनिटे तो पृथ्वीच्या सावलीत असतो. म्हणजे दिवसाकाठी पंधरा वेळा बॅटरी रिकामी होते आणि पंधरा वेळा भरते. वर्षभरात ही आवर्तने सुमारे साडेपाच हजार होतात. भूस्थिर कक्षेतील उपग्रहाची स्थिती वेगळी असते. त्याला वर्षातून दोनदा, संपातांच्या आसपासच्या सुमारे दीड-दीड महिन्याच्या काळात, रोज जास्तीत जास्त ७२ मिनिटे सावली लागते. तेथे आवर्तने थोडी, पण एका वेळचा उपसा मोठा असतो.

चंद्रावरील परिस्थिती या दोहोंहून निराळी आहे. तेथे रात्र एकच, परंतु ती सलग चौदा दिवसांची असते. या अवधीत बॅटरीला यंत्रे चालवायची नसली तरी स्वतःला आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना गोठण्यापासून वाचवावे लागते. १९७० साली सोव्हिएत संघाच्या लुनोखोद-१ या बग्गीने किरणोत्सारी पोलोनियमच्या उष्णतेवर अशा रात्री काढल्या. जानेवारी २०२४ मध्ये उतरलेल्या जपानच्या ‘स्लिम’ या यानाने तशी सोय नसतानाही तीन चांद्ररात्रींनंतर संदेश पाठवले आणि सर्वांना आश्चर्याचा धक्का दिला. परंतु मोहिमेची आखणी आश्चर्याच्या भरवशावर करता येत नाही.

एकंदरीत, अवकाशातील बॅटरीकडून चार अपेक्षा असतात : वजन कमी असावे, आवर्तने अधिक सोसावीत, तापमानातील चढउतार सहन व्हावेत आणि दुरुस्तीची गरज पडू नये. निकेल-कॅडमियम, त्यानंतर निकेल-हायड्रोजन आणि अखेर लिथियम-आयन असा प्रवास या अपेक्षांमुळेच घडला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील ४८ निकेल-हायड्रोजन बॅटऱ्यांच्या जागी २०१७ ते २०२१ या काळात केवळ २४ लिथियम-आयन बॅटऱ्या बसवण्यात आल्या, यावरून वजनाच्या प्रश्नाचे महत्त्व लक्षात यावे.

सोडियम आणि लिथियम : एक तुलना

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत रॉकेलच्या बरणीत बुडवून ठेवलेला, सुरीने कापता येणारा सोडियम धातू विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. लिथियम आणि सोडियम हे आवर्तसारणीच्या एकाच गणातील शेजारी आहेत. दोघांच्याही बाह्यतम कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो व तो सहज सुटतो. घटात उपयोगी पडणारा गुण हाच होय.

फरक सुरू होतो तो आकारमान आणि वजन यांपासून. लिथियमचे अणुवस्तुमान सुमारे ६.९४, तर सोडियमचे सुमारे २२.९९ आहे. म्हणजे एक इलेक्ट्रॉन वाहून नेण्यासाठी सोडियमला तिपटीहून अधिक वजन बाळगावे लागते. लिथियमचे प्रमाण विद्युतअग्र विभव उणे ३.०४ व्होल्ट, तर सोडियमचे उणे २.७१ व्होल्ट असल्याने सोडियम घटाचा दाबही थोडा कमी पडतो. सोडियमचा आयन लिथियमच्या आयनापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने मोठा असल्यामुळे विद्युतअग्राच्या स्फटिकात त्याची ये-जा अधिक जागा मागते आणि स्फटिकावर ताण आणते.

याउलट सोडियमच्या बाजूनेही काही गोष्टी आहेत. भूकवचात सोडियमचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक आहे. लिथियम मात्र दहा लाख भागांत सुमारे वीस भाग एवढाच आढळतो. समुद्राच्या मिठापासून सोडियमची संयुगे तयार करण्याचा उद्योग भारतात जुना आहे, तर लिथियमसाठी देशाला मुख्यतः आयातीवर अवलंबून राहावे लागते. दुसरी गोष्ट अधिक तांत्रिक आहे. लिथियम घटाच्या ऋण बाजूस विद्युतसंग्राहक म्हणून तांब्याचा पातळ पत्रा वापरावा लागतो, कारण ॲल्युमिनियमशी लिथियमचे मिश्रधातू बनते. सोडियमचे तसे होत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंस हलके व स्वस्त ॲल्युमिनियम चालते. शिवाय घट शून्य व्होल्टपर्यंत रिकामा केला तरी तांबे विरघळण्याचा धोका राहत नाही. प्रक्षेपणापूर्वीच्या वाहतुकीत आणि साठवणीत पूर्ण रिकामा घट हाच सर्वांत निर्धोक घट असल्याने हा गुण दुर्लक्षण्याजोगा नाही.

तप्त सोडियमचा अवकाशातील प्रयोग

सोडियम घटाची कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधकांना बीटा-ॲल्युमिना या चिनीमातीसारख्या घन पदार्थातून सोडियमचे आयन वेगाने वाहतात, असे आढळले. यातून सोडियम-सल्फर घट जन्माला आला. त्यात एका बाजूस वितळलेले सोडियम, दुसऱ्या बाजूस वितळलेले गंधक आणि दोहोंमध्ये बीटा-ॲल्युमिनाची भिंत असते. नेहमीच्या घटात विद्युतअग्रे घन आणि मधला भाग द्रव असतो. येथे नेमके उलट आहे. घट चालू राहण्यासाठी तो ३०० ते ३५० अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो.

हा घट प्रत्यक्ष अवकाशात जाऊन आला आहे. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी कोलंबिया या अवकाशयानाने एसटीएस-८७ या मोहिमेवर उड्डाण केले. कल्पना चावला यांचे हे पहिले अवकाश उड्डाण म्हणून भारतीयांना ती मोहीम स्मरणात आहे. याच उड्डाणात सोडियम-सल्फर घटांचा एक प्रयोग होता. गुरुत्वाच्या अभावी वितळलेले पदार्थ घटात योग्य रीतीने वागतात की नाही, हा तेथील कळीचा प्रश्न होता. ३५० अंश तापमानावर हे घट दहा दिवस चालले आणि त्यांनी किलोग्रॅममागे सुमारे १५० वॉट-तास ऊर्जा दिली. त्या काळच्या निकेल-हायड्रोजन बॅटरीच्या तुलनेत ही ऊर्जा सुमारे तिप्पट होती.

असे असूनही हा घट उपग्रहांत रुळला नाही. सिरॅमिकच्या भिंतीला तडा गेल्यास वितळलेले सोडियम आणि गंधक एकत्र येतात. घट थंड होऊन पुन्हा तापला की त्या भिंतीवर ताण पडतो. आणि तोवर लिथियम-आयन घट साध्या तापमानावर तेवढीच, पुढे त्याहून अधिक ऊर्जा देऊ लागले होते. तथापि जेथे बाहेरच भट्टी पेटलेली आहे, तेथे हा दोष गुण ठरतो. शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश आहे. तेथे वाऱ्याच्या जोरावर चालणाऱ्या शिडाच्या बग्गीची जी संकल्पना नासाच्या अभ्यासकांनी मांडली, तीत सोडियम-सल्फर घटांचा विचार करण्यात आला होता. यावरून एक सूत्र हाती लागते. सोडियम घटाचे अवकाशातील स्थान वजनाइतकेच तापमानावरून ठरते.

सोडियम-आयन घट

आजचे संशोधन मुख्यतः साध्या तापमानावर चालणाऱ्या सोडियम-आयन घटावर केंद्रित आहे. याची रचना लिथियम-आयन घटासारखीच असते. धन बाजूस सोडियमयुक्त संयुग, ऋण बाजूस कार्बन आणि मध्ये विद्युत अपघटनी द्रव असतो. प्रभारणाच्या वेळी सोडियमचे आयन धन बाजूकडून कार्बनमध्ये जातात आणि विप्रभारणाच्या वेळी परत येतात.

धन बाजूसाठी तीन कुळांतील पदार्थ वापरले जातात. पहिले कूळ थरांच्या रचनेच्या ऑक्साइडांचे आहे; त्यात ऊर्जा जास्त, पण दमटपणाची बाधा अधिक. दुसरे कूळ सोडियम-व्हॅनेडियम फॉस्फेटसारख्या संयुगांचे. त्यांचा सांगाडा मजबूत असल्याने आवर्तने खूप सोसतात, मात्र वजनाच्या मानाने ऊर्जा कमी मिळते. तिसरे कूळ प्रशियन ब्लू या जुन्या निळ्या रंगद्रव्याच्या जातीचे. ते स्वस्त आहे, परंतु त्याच्या स्फटिकात अडकलेले पाणी पूर्णपणे काढावे लागते. ज्या कामात वर्षाला साडेपाच हजार आवर्तने अपेक्षित आहेत, तेथे दुसऱ्या कुळाचा विचार प्रथम होणे स्वाभाविक आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्रातही काम झाले आहे. पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने पुण्यातीलच भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. जागतिक पातळीवर पाहता चीनच्या सीएटीएल या कंपनीने २०२१ साली किलोग्रॅममागे १६० वॉट-तास ऊर्जेचा घट जाहीर केला. २०२५ साली त्याच कंपनीने १७५ वॉट-तासांचा आणि उणे ४० अंशांवरही ९० टक्के क्षमता टिकवणारा घट जाहीर केला. हे आकडे उत्पादकाचे आहेत व ते पृथ्वीवरील वाहनांसाठीचे आहेत, हे ध्यानात ठेवूनच पुढील विचार केला पाहिजे.

चांद्ररात्रीचे गणित

थंडी सोसणारा पण वजनदार घट चंद्रावर फायद्याचा ठरेल काय, हे एका साध्या उदाहरणाने तपासता येते. समजा, एका छोट्या यानातील बॅटरी व इलेक्ट्रॉनिक भाग असलेली पेटी आहे. लिथियम घटाचे शून्याखाली प्रभारण केल्यास त्याच्या विद्युतअग्रावर धातूरूप लिथियमचे पुट चढते आणि घट निकामी होतो. म्हणून ही पेटी ५ अंशांवर राखायची आहे व त्यासाठी १० वॉट शक्तीचा तापक लागतो, असे धरू. चौदा दिवसांचे तास ३३६. म्हणजे रात्रभरासाठी ३,३६० वॉट-तास ऊर्जा हवी. किलोग्रॅममागे २५० वॉट-तास देणाऱ्या लिथियम घटांचे वजन यासाठी सुमारे १३.४ किलोग्रॅम भरते. तेवढीच ऊर्जा १६० वॉट-तासांच्या सोडियम घटातून घ्यायची तर वजन २१ किलोग्रॅम होते. केवळ एवढेच पाहिले तर सोडियमचा विचार सोडून द्यावा लागेल.

परंतु सोडियम घट पेटीला उणे ४० अंशांपर्यंत थंड होऊ देतो. तसे झाल्यास तापकाची शक्ती कमी करता येते. दोन्ही बॅटऱ्यांचे वजन समसमान व्हायचे, तर ही शक्ती १० वॉटवरून ६.४ वॉटवर आली पाहिजे. थंडीत सोडियम घटाची क्षमता ९० टक्केच उरते असे धरल्यास ती सुमारे ५.८ वॉटवर यायला हवी. हे शक्य आहे काय? बाहेरील तापमान उणे १८० अंश धरू. चंद्रावर हवा नसल्याने पेटीतील उष्णता दोनच मार्गांनी निसटते. पहिला मार्ग वहनाचा, म्हणजे खिळे, आधार आणि तारा यांमधून. ही गळती तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. फरक १८५ वरून १४० अंशांवर येतो, म्हणून गळती मूळच्या सुमारे ७६ टक्के उरते आणि तापक ७.६ वॉटचा लागतो. दुसरा मार्ग प्रारणाचा. ही गळती निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते. २७८ केल्व्हिनऐवजी २३३ केल्व्हिन तापमान ठेवल्यास ती मूळच्या निम्म्याहून किंचित कमी होते आणि तापक सुमारे ४.९ वॉटचा पुरतो.

म्हणजे उत्तर दोहोंच्या मधोमध आहे. पेटीतील बहुतांश उष्णता आधारांमधून वाहून जात असेल, तर सोडियम हरतो. आधार अतिशय कमी उष्णतावाहक बनवून गळती मुख्यतः प्रारणापुरती मर्यादित ठेवली, तर तोच वजनातही जिंकू शकतो. अर्थात हे गणित ढोबळ आहे. पेटीतील इतर भागांनाही उणे ४० अंश सोसले पाहिजेत, ही अट त्यात गृहीत आहे. लिथियम घटांची थंडी सोसण्याची शक्तीही सुधारत आहे. तरीही ‘सोडियम जड आहे, म्हणून अवकाशात निरुपयोगी आहे’ हे विधान सरसकट स्वीकारता येत नाही, एवढे यावरून निश्चितपणे म्हणता येते. वजनाचा हिशेब घटापुरता न करता तापकासह संपूर्ण यंत्रणेचा केला पाहिजे.

साखरेपासून हार्ड कार्बन

लिथियम घटाच्या ऋण बाजूस ग्रॅफाइट असते. ग्रॅफाइटच्या थरांमध्ये लिथियम सहज शिरतो. सोडियम मात्र नेहमीच्या विद्युत अपघटनी द्रवात तसा शिरत नाही. ही अडचण अनेक वर्षे सोडियम-आयन घटाच्या मार्गात उभी होती. ती दूर करणारे महत्त्वाचे संशोधन २००० साली कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या स्टीव्हन्स आणि डान या संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यांनी ग्लुकोज हवेविना तापवून त्याचा कार्बन बनवला आणि त्यात ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास इतका सोडियम साठवून दाखवला. ग्रॅफाइटमध्ये लिथियमची सैद्धांतिक क्षमता ३७२ असते, हे पाहता हा आकडा लक्षणीय होता.

या कार्बनला हार्ड कार्बन म्हणतात. ग्रॅफाइटमधील थर नव्या कोऱ्या पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे एकावर एक नीट रचलेले असतात. हार्ड कार्बनमध्ये तेच थर कोसळलेल्या पत्त्यांच्या बंगल्यासारखे वेडेवाकडे टेकलेले असतात आणि त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात. सोडियमला सामावून घेण्यास या पोकळ्या आणि थरांमधील वाढीव अंतर उपयोगी पडते. कितीही तापवले तरी हा पसारा सहजासहजी ग्रॅफाइटमध्ये बदलत नाही, म्हणूनच तो ‘हार्ड’.

साखरेतून कार्बन निघतो, हे कोणाही विज्ञान विद्यार्थ्याने पाहिलेले असते. चंचुपात्रातील साखरेवर संहत सल्फ्युरिक आम्ल ओतले की पाणी खेचले जाऊन काळाभोर, सच्छिद्र खांब वर येतो. साखरेच्या दर १०० ग्रॅममध्ये ४२ ग्रॅम कार्बन असतो. परंतु खाण्याची साखर बॅटरीसाठी जाळणे परवडणारे नाही. सेल्युलोज हेदेखील ग्लुकोजच्या साखळ्यांनीच बनलेले असते आणि उसाच्या चिपाडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन हे तिन्ही पदार्थ असतात. म्हणून चिपाडापासून हार्ड कार्बन बनवण्याचे प्रयत्न जगातील अनेक प्रयोगशाळांत झाले आहेत.

सातारा-सांगली : शक्यता आणि मर्यादा

कृष्णा, कोयना आणि वारणा यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश सहकारी साखर कारखानदारीचा आहे. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, भुईंजचा किसन वीर, साखराळ्याचा राजारामबापू पाटील आणि सांगलीचा वसंतदादा पाटील हे कारखाने सर्वपरिचित आहेत. एक टन उसाच्या गाळपातून साधारण २८० ते ३०० किलोग्रॅम चिपाड म्हणजे बगॅस मिळते आणि त्यात निम्मे पाणी असते. मात्र हे चिपाड वाया जाणारे नाही. कारखान्याचा बाष्पक त्यावरच चालतो, सहवीजनिर्मिती त्यावर होते आणि उरलेले कागद गिरण्यांना विकले जाते. त्यामुळे ‘फुकटचा कच्चा माल’ या समजुतीवर कोणतीही योजना आखणे योग्य ठरणार नाही. चिपाडाला जाळण्यापेक्षा अधिक मोल मिळाले, तरच ते बाष्पकातून बाजूला काढता येईल.

अवकाशासाठी किती चिपाड लागेल, हेही पाहण्यासारखे आहे. घटाचा सरासरी दाब ३.१ व्होल्ट आणि कार्बनची क्षमता ३०० मिलिअँपिअर-तास धरल्यास एक किलोवॉट-तास बॅटरीला सुमारे १.१ किलोग्रॅम हार्ड कार्बन लागतो. वरील उदाहरणातील चांद्ररात्रीच्या संपूर्ण बॅटरीला चार किलोग्रॅमच्या आतबाहेर पुरेल. तेवढ्यासाठी कारखान्याच्या बगॅसच्या ढिगातील चिमूटभरही हलणार नाही. म्हणजे प्रश्न परिमाणाचा नसून शुद्धतेचा आणि एकसारखेपणाचा आहे.

आणि नेमके तेथेच काम कठीण आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जळते तेव्हा हवा मिळत असल्याने शेवटी राख उरते. हार्ड कार्बनसाठी तेच चिपाड नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूच्या वातावरणात १,००० ते १,४०० अंशांपर्यंत संथपणे तापवावे लागते. चिपाडातील सिलिका, पोटॅशियम आणि शेतातून आलेली माती आम्ल वा अल्कलीने धुऊन काढावी लागते, अन्यथा ही अशुद्धी घटात निष्क्रिय वजन बनते आणि अनिष्ट अभिक्रियांना वाव देते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा या उसांच्या चिपाडात, तसेच वेगवेगळ्या जमिनींतील उसात राखेचे प्रमाण सारखे नसते. पहिल्या प्रभारणात कार्बनच्या पृष्ठभागावर जो थर जमतो, त्यात काही सोडियम कायमचा अडकून पडतो. पृष्ठभाग जितका अनियमित, तितकी ही हानी अधिक. पृथ्वीवर ती सोसता येते. अवकाशात मात्र धन बाजूस तेवढे जादा वजन वाहून न्यावे लागते.

या अडचणींतच येथील महाविद्यालयांसाठी संशोधनाचे विषय दडलेले आहेत. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र कार्यरत आहे. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, साताऱ्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशा जुन्या संस्था आहेत. कोणत्या वाणाच्या, कोणत्या हंगामाच्या आणि कोणत्या जमिनीतील उसाच्या चिपाडात किती राख आहे, ती धुतल्यावर किती उरते आणि त्याचा कार्बनच्या क्षमतेवर काय परिणाम होतो, याची पद्धतशीर नोंद हा आरंभीचा टप्पा होऊ शकतो. त्यासाठी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि अभियांत्रिकी या शाखांना एकत्र यावे लागेल. घटाची प्रत्यक्ष चाचणी घेण्यास दमटपणाविरहित आर्गॉनची पेटी लागते व ती महाग असते. परंतु राखेचे मापन, धुण्याच्या पद्धती आणि तापवण्याच्या वेगाचा अभ्यास यांचा प्रारंभ साध्या उपकरणांनीही करता येतो.

साखर आणि अवकाश यांचे नाते या परिसराला अगदीच अपरिचित नाही. नीरेपलीकडे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडवणाऱ्या उद्योगानेच पुढे इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी मोटरची कवचे तयार केली. काटेकोर मापाची सवय एका कामातून दुसऱ्या कामात जाते, याचे हे उदाहरण होय.

शिवाय अवकाशापूर्वीचा टप्पा जमिनीवरच आहे. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर आणि कवठे महांकाळ तालुक्यातील ढालगाव परिसरात मोठ्या संख्येने पवनचक्क्या उभ्या आहेत. वारा वाहतो तेव्हा वीज हवी असतेच असे नाही. जमिनीवर ठेवलेल्या बॅटरीच्या वजनाला फारसे महत्त्व नसल्याने अशा साठवणुकीत सोडियमची मुख्य उणीव बोचत नाही आणि स्वस्ताई उपयोगी पडते. तेथे वर्षानुवर्षे चाललेल्या घटांच्या नोंदींतूनच अवकाशासाठी पात्र घट निवडता येईल. भारतीय अवकाश संशोधन संस्थेनेही नवे घट थेट मुख्य मोहिमेवर न पाठवता आधी प्रायोगिक व्यासपीठावर तपासण्याची रीत ठेवली आहे. १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ उड्डाणात सिलिकॉन-ग्रॅफाइटचे विद्युतअग्र असलेला लिथियम घट अशाच रीतीने तपासला गेला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. सोडियम घट हा लिथियम घटाचा स्वस्त पर्याय एवढ्याच दृष्टीने अवकाशात उपयोगी पडणार नाही, कारण प्रक्षेपणाच्या खर्चापुढे घटाच्या किमतीतील बचत नगण्य असते. त्याला तेथे स्थान मिळायचे असेल, तर ते तापमानामुळेच मिळेल. शुक्रासारख्या तप्त ठिकाणी वितळलेल्या सोडियमचा घट आणि चंद्रासारख्या गोठलेल्या ठिकाणी सोडियम-आयन घट, असे त्याचे स्वरूप राहील. चांद्ररात्रीच्या बाबतीत निर्णय घट आणि त्याच्याभोवतीची उष्णतारोधक पेटी यांच्या एकत्रित रचनेवर अवलंबून आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दृष्टीने पाहता, येथील चिपाडाचे खरे मोल त्याच्या ढिगाच्या उंचीवरून ठरणार नाही. कोणत्या शेतातील कोणत्या उसापासून तो कार्बन बनला आणि त्यात राख किती उरली, हे जो खात्रीने सांगू शकेल त्याच्याच मालाला बॅटरीत जागा मिळेल. ते सांगण्याइतके ज्ञान या मातीत, येथील ऊस संशोधकांत आणि महाविद्यालयांत विखुरलेले आहे. ते एकत्र आणले गेले, तर पुढील एखादी चांद्ररात्र ओलांडणाऱ्या यंत्राच्या ऊर्जेत कृष्णाकाठच्या उसाचाही वाटा असू शकेल.